गर्दीशुल्क : शहराच्या वेशीवरचा प्रश्न आणि महाड-पोलादपूरचा प्रवासी

गणेश चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन रात्री मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या अलीकडे गाड्यांची जी रांग लागते, तिची वर्णने दरवर्षी वृत्तपत्रांत छापून येतात. सायंकाळी मुंबईहून निघालेला चाकरमानी महाडला वा पोलादपूरला आपल्या घरी टेकतो तेव्हा अनेकदा उजाडलेले असते. या दिवसांसाठी शासनाचा एक वार्षिक निर्णय ठरलेला आहे. कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोल माफ केला जातो. २०२५ मध्ये ही सवलत २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात मुंबई-बेंगळुरू व मुंबई-गोवा हे राष्ट्रीय महामार्ग आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे इतर रस्ते यांवर होती व त्यासाठी ‘गणेशोत्सव २०२५ कोकण दर्शन’ असा मजकूर असलेले पास देण्यात आले. सणासाठी गावी जाणाऱ्या माणसाला हा दिलासा वाटतो आणि तो वाटावा यात गैर काही नाही. तथापि वाहतुकीच्या अर्थशास्त्राचा अभ्यासक या निर्णयाकडे पाहील तर त्याला एक उलटेपणा जाणवेल. ज्या दिवशी रस्त्यावरील जागा सर्वांत दुर्मीळ असते, नेमक्या त्याच दिवशी आपण तिचे मोल शून्यावर आणून ठेवतो.

या निर्णयाच्या अगदी विरुद्ध टोकाला जी कल्पना आहे ती म्हणजे गर्दीशुल्क. शहराच्या ठरावीक भागात, ठरावीक वेळी वाहन घेऊन येणाऱ्याकडून रक्कम घ्यावी, आणि ती एवढी असावी की काही वाहने त्या वेळी त्या भागात येण्याचे टाळतील, अशी ही कल्पना. सिंगापूरने ती १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये, स्टॉकहोमने २००६ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२५ मध्ये अमलात आणली. भारतातील एकाही शहराने खासगी मोटारींवर असे शुल्क अद्याप बसविलेले नाही. चर्चा मात्र मुंबई, दिल्ली, बेंगळुरू या तिन्ही शहरांत अधूनमधून डोके वर काढते. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे डोंगराकडचे तालुके मुंबईपासून पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरवर आहेत. तरीही महानगराच्या वेशीवर जो काही आकार बसतो तो वेशीबाहेरून येणाऱ्याच्या खिशातून जातो, आणि या दोन तालुक्यांत मुंबईशी ज्याचा संबंध नाही असे घर शोधावेच लागेल. म्हणून हा विषय इथल्या वाचकाने समजून घेण्याजोगा आहे.

टोल वेगळा, गर्दीशुल्क वेगळे

आपल्याकडे टोल या शब्दाचा एकच अर्थ रुजलेला आहे. रस्ता वा पूल बांधण्यासाठी पैसा लागला, तो कोणीतरी घातला, आता वापरणाऱ्याने तो फेडावयाचा. त्यामुळे टोलविषयीचा आपला वादही ठरलेला असतो : किती वसूल झाले, किती उरले, आणि फिटले असतील तर नाका अजून उभा का? गर्दीशुल्काला हा हिशेब लागू पडत नाही. ज्या रस्त्यावर ते आकारले जाते तो शंभर वर्षांपूर्वीचा असू शकेल, त्याचे कर्ज केव्हाच फिटलेले असू शकेल. रस्त्याची किंमत येथे मोजली जात नाही. आपण रांगेत शिरल्यामुळे मागच्यांचा जो वेळ जातो त्याचे मोल येथे आकारले जाते.

हे ऐकावयास अवघड वाटते, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावाच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावरून तासाला जास्तीत जास्त १,२०० गाड्या पुढे सरकू शकतात असे समजा. सणाच्या आदल्या रात्री तीन तासांपर्यंत तासाला १,५०० गाड्या येत राहिल्या. तीन तासांत आल्या ४,५००, पुढे गेल्या ३,६००. म्हणजे ९०० गाड्या तुंबल्या. शेवटी आलेल्या गाडीला पाऊण तास थांबावे लागले. आता या तीन तासांच्या अगदी आरंभी आलेली गाडी पाहा. तिच्यापुढे कोणीच नाही, ती विनाअडथळा निघून गेली. परंतु तिने अरुंद जागेतील तीन सेकंद घेतले आणि मागच्या ४,४९९ गाड्यांपैकी प्रत्येक गाडी तीन सेकंद उशिरा सुटली. सर्वांचा मिळून हा उशीर पावणेचार तासांचा होतो. त्या चालकाला त्याची गंधवार्ताही नसते. त्याच्या दृष्टीने रस्ता मोकळाच होता.

या उदाहरणातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तासाला येणाऱ्या १,५०० गाड्यांपैकी केवळ ३०० गाड्या, म्हणजे पाचातली एक, आधीच्या वा नंतरच्या वेळी निघाल्या असत्या किंवा त्यांतील माणसे बसने आली असती, तर रांग लागलीच नसती. चार पंचमांश लोकांना आपला बेत बदलावा लागला नसता. गर्दीशुल्काचे सारे गणित या पाचव्या गाडीभोवती फिरते. सर्वांना घरी बसविण्याचा त्याचा हेतू नसतो. ज्यांना वेळ बदलणे सोपे आहे त्यांनी ती बदलावी, एवढेच निमित्त त्यांना द्यावयाचे असते.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन रस्त्यांचे उदाहरण देऊन या विचाराची पायाभरणी केली. त्याला व्यवहाराचे रूप देण्याचा ध्यास मात्र विल्यम विक्री या अमेरिकेतील प्राध्यापकाने घेतला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे गर्दीच्या वेळी अधिक असावे असे त्यांनी १९५०च्या दशकात सुचविले. पुढे वॉशिंग्टन शहरासाठी, प्रत्येक मोटारीत एक विद्युतयंत्र बसवून वेळेनुसार आकारणी करण्याची योजना मांडली. ज्या काळात संगणक खोलीएवढा असे त्या काळातील ही सूचना लोकांना विक्षिप्त वाटली. अरुंद जागी तुंबणाऱ्या रांगेचे वर जे गणित दिले तेही विक्री यांच्याच १९६९च्या लेखातील विचारावर बेतलेले आहे. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. ज्या न्यूयॉर्कमध्ये त्यांनी उभे आयुष्य शिकविले, त्या शहराला त्यांची सूचना स्वीकारण्यास आणखी अठ्ठावीस वर्षे लागली.

सिंगापूर ते न्यूयॉर्क

सिंगापूरने जून १९७५ मध्ये मध्यवस्तीभोवती एक सीमारेषा आखली आणि सकाळच्या वेळी तिच्या आत येणाऱ्या मोटारीला दिवसाकाठी तीन सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावणे भाग पाडले. प्रवेशाच्या कमानींपाशी उभे राहून पोलीस नुसत्या नजरेने परवाने तपासत. चार वा अधिक माणसे बसलेली मोटार मात्र विनाशुल्क जाई. ही तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण आपल्याकडील गावी जाणाऱ्या गाडीत चारांहून कमी माणसे क्वचितच असतात. १९९८ मध्ये कागदी परवान्यांच्या जागी विद्युत कमानी आल्या व दर वेळेनुसार बदलू लागले. रस्त्यावरील वेग ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की दर वाढवावयाचा आणि वेग पुरेसा असेल तर उतरवावयाचा, असा तेथील नियम. शुल्क कमी होऊ शकते हे पाहण्याची सवय असलेली जनता त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहते.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी पाच पौंडांनी आरंभ केला. पहिल्या काही वर्षांत शुल्काच्या क्षेत्रात येणारी वाहने सुमारे १८ टक्क्यांनी आणि खोळंबा सुमारे ३० टक्क्यांनी घटला. पुढे मात्र खोळंबा पुन्हा वाढला. रस्त्यांची खोदकामे, बस आणि सायकलींना दिलेली वाढीव जागा, भाड्याच्या मोटारींची वाढ अशी त्याची कारणे सांगितली जातात. दर २०२० मध्ये पंधरा पौंड झाला आणि जानेवारी २०२६ पासून अठरा. लंडनच्या अनुभवातून विरोधक म्हणतात की शुल्क फसले. समर्थक म्हणतात की शुल्क नसते तर याहून वाईट झाले असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. एकदा आखलेले शुल्क तसेच सोडून दिले तर शहर त्याला सरावते, हे सिंगापूरच्या तुलनेत स्पष्ट दिसते.

स्टॉकहोमची कथा राज्यकर्त्यांनी वाचावी अशी आहे. तेथे लोकमत विरोधी असताना ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असे सात महिने शुल्क केवळ प्रयोग म्हणून लावले गेले, आणि प्रयोगाआधीच बसगाड्या वाढविण्यात आल्या. सीमारेषा ओलांडणारी वाहने सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. रस्ते मोकळे झालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले, प्रयोग संपताच वाहने परतलेलीही पाहिली, आणि सप्टेंबरमधील सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. याउलट एडिंबरा येथे २००५ मध्ये आणि मँचेस्टरमध्ये २००८ मध्ये अनुभवाआधीच मत विचारले गेले. दोन्हीकडे मतदारांनी प्रचंड बहुमताने योजना धुडकावली. हाँगकाँगने तर १९८३ ते १९८५ या काळात यंत्रणेची चाचणी यशस्वी करून दाखविली होती, पण आपल्या येण्याजाण्याची नोंद सरकारजवळ राहील या भीतीने लोक बिथरले आणि योजना बासनात गेली.

न्यूयॉर्कमध्ये ३० जून २०२४ रोजी पंधरा डॉलरनी सुरू व्हावयाचे शुल्क गव्हर्नरांनी आयत्या वेळी थांबविले. शेवटी ५ जानेवारी २०२५ पासून नऊ डॉलर दराने ते लागू झाले. मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेकडील भागात त्यानंतर वाहने सुमारे एक दशांशाने घटली. तेथील पैसा कोठे जाणार हे कायद्यानेच बांधलेले आहे : शहराच्या भुयारी रेल्वे, उपनगरी गाड्या आणि बस यांच्या सुधारणेसाठी.

मुंबईच्या पाच नाक्यांची गोष्ट

मुंबईला बेट असल्यामुळे सीमारेषा आखण्याची गरजच नव्हती. ती खाडीनेच आखून दिली होती. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर अशा पाच ठिकाणी शहरात शिरणाऱ्या वाहनांकडून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा टोल घेतला जाई. कारण सांगितले जाई ते शहरातील उड्डाणपुलांच्या खर्चाचे. ऑक्टोबर २०२३ पासून मोटारीला ४५ रुपये पडत. वरवर पाहता हेच गर्दीशुल्क नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण पाहिले तर बाहेरून येणाऱ्याची व्यथा कळते.

हा टोल पहाटे तीन वाजता जेवढा, तेवढाच सकाळी नऊ वाजता. त्यामुळे वेळ बदलण्याचे निमित्त कोणालाच मिळत नसे. दुसरे असे, की मुंबईतील खरी गर्दी वेशीवर नसून आत आहे. वांद्र्याहून फोर्टला एकटाच मोटार घेऊन रोज जाणारा माणूस उड्डाणपूल सर्वांत अधिक वापरी आणि एकही नाका ओलांडीत नसे. महाडहून पाच माणसांना घेऊन वर्षातून चार वेळा येणारी जीप मात्र वाशीला थांबून पैसे मोजी. ज्याने गर्दी केली त्याने काही दिले नाही, आणि ज्याने क्वचित पाऊल टाकले त्याने उड्डाणपूल फेडले. वर नाक्यावरील रांगेनेच स्वतःची एक नवी कोंडी निर्माण केली ती वेगळी.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी दिली व त्याच मध्यरात्रीपासून ती लागू झाली. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या हे सांगावयास नकोच. माफीचे स्वागत सर्वांनी केले. परंतु जी चुकीची आकारणी होती ती गेली आणि तिच्या जागी योग्य आकारणी कोणती, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

याला पार्श्वभूमी आहे. टोल या शब्दाची महाराष्ट्रातील पत फार पूर्वीच गेली. कोल्हापुरात शहरातील रस्त्यांपोटी बसविलेल्या टोलविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्याच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय लढा झाला आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो टोल रद्द करणे शासनाला भाग पडले. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यातील १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी गाड्यांना माफी मिळाली. हिशेब दाखविला जात नाही, मुदत संपत नाही आणि खड्डे बुजत नाहीत, हा लोकांचा अनुभव होता. गर्दीशुल्क उद्या कोणत्याही नावाने आणले तरी लोक त्याला टोलच म्हणणार, आणि त्या नावामागचा सारा राग त्याच्या वाट्याला येणार.

देशात गर्दीशुल्काच्या जवळ जाणारे एक उदाहरण दिल्लीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१५च्या आदेशाने दिल्लीत शिरणाऱ्या मालमोटारींवर पर्यावरण भरपाई शुल्क बसविण्यात आले. त्याचा रोख धुरावर होता आणि दिल्लीशी काम नसलेल्या मालमोटारींनी शहर टाळून बाहेरच्या रस्त्याने जावे हा त्यातला व्यवहार होता. मोटारींना मात्र त्याने स्पर्श केला नाही.

तंत्राची अडचण आता उरलेली नाही. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. कोणती गाडी कोठून किती वाजता गेली हे यंत्र टिपते. वेळेनुसार दर बदलणे हा आता आज्ञावलीतील काही ओळींचा प्रश्न आहे. कायद्याच्या बाजूने पाहावे तर टोल हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत ५९व्या क्रमांकावर आहे. अडते ते इच्छेपाशी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी बोरघाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी चढत असतात, तरी शनिवार सकाळचा टोल आणि मंगळवार दुपारचा टोल एकच आहे. केंद्राने १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आणला. त्यातही फेरी कोणत्या वेळची याला काही महत्त्व नाही.

पर्याय नसेल तर तो दंड

आता हाच प्रश्न महाड-पोलादपूरकडून पाहू. गर्दीशुल्क चालते ते एका अटीवर : ज्याला ते द्यावयाचे नाही त्याच्याजवळ दुसरा मार्ग हवा. लंडनला भुयारी रेल्वे आहे, स्टॉकहोमला बस आहेत. पोलादपूर तालुक्यातील डोंगरवाडीवरच्या माणसाजवळ काय आहे?

त्याच्याजवळ एक महामार्ग आहे. पूर्वी १७ क्रमांकाचा आणि आता ६६ क्रमांकाचा हा रस्ता दोन्ही तालुक्यांची एकमेव मोठी वाहिनी आहे. त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याची रडकथा आता सर्वांना पाठ झालेली आहे. इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठांतून जाणारा रस्ता हा या वाटेवरचा गळा. श्रीवर्धन-दिवेआगरकडे वळणारे पर्यटक आणि ताम्हिणी घाटातून उतरणारी पुण्याची वाहने माणगावातच येऊन मिळतात. पूर्वेकडे जाणारे दोन घाट आहेत : महाडहून भोरकडे जाणारा वरंध आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी. पावसाळ्यात दरडी कोसळून ते केव्हा बंद होतील याचा नेम नसतो. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत, ज्या वेळी महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेले, तेव्हा याचा अनुभव आलाच. दक्षिणेला कशेडी घाट. तेथील बोगद्यातून २०२३च्या गणेशोत्सवात वाहने जाऊ लागली आणि खेडकडची वाट सुकर झाली, पण मुंबईकडची नाही.

या एकाच वाहिनीवर सारे अवलंबून असणे म्हणजे काय हे महाडने २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पाहिले. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यासोबत दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने गेली आणि सुमारे चाळीस माणसांचा अंत झाला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. निर्धार असेल तर काम किती वेगाने होते याचा तो दाखला आहे, आणि त्याच महामार्गावरील इतर कामांकडे पाहिले की मन विषण्ण होते.

रेल्वेचे म्हणाल तर कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. महाडकरांचे स्थानक वीर. ते शहराबाहेर आहे आणि तेथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. तालुक्यात करंजाडी, विन्हेरे ही आणखी लहान स्थानके आहेत. पोलादपूर शहराला तर रेल्वेचा स्पर्शच नाही. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुपदरी झाला. या वाढलेल्या क्षमतेचा लाभ वीरला अधिक गाड्या थांबण्याच्या रूपाने मिळाला, तर मुंबईतील कोणत्याही शुल्काची धार महाडपुरती निम्म्याने बोथट होईल.

उरते ती एसटी. गणेशोत्सवात महामंडळ हजारो जादा गाड्या सोडते, आणि त्या त्याच रांगेत अडकतात. चव्वेचाळीस माणसे घेऊन जाणारी बस आणि दोन माणसांची मोटार माणगावच्या गळ्यापाशी सारख्याच हतबल असतात. बसने जावे असे कोणाला वाटावयाचे असेल तर बस मोटारीच्या आधी पोहोचली पाहिजे. परदेशात गर्दीशुल्काचा सर्वांत मोठा लाभ बसच्या उतारूंना झाला, तो रस्ता मोकळा झाल्यामुळे. हा मुद्दा आपल्याकडच्या चर्चेत क्वचित येतो. गर्दीशुल्क गरिबाच्या विरोधात आहे असे म्हणताना आपण गृहीत धरतो की गरीब मोटारीत बसलेला आहे. बहुतेक वेळा तो मोटारीमागे खोळंबलेल्या लाल गाडीत उभा असतो.

अर्थात अपवाद आहेत, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात वा केईएममध्ये उपचारांसाठी जाणारा रुग्ण पोलादपूरहून रुग्णवाहिकेने जातोच असे नाही. गावातील कोणाची तरी जीप ठरविली जाते, डिझेलचे पैसे चौघे मिळून घालतात आणि तपासणीची वेळ सकाळची असते, नेमकी शुल्क सर्वाधिक असण्याची. लंडनमध्ये ठरावीक आजारांच्या रुग्णांना भरलेले शुल्क रुग्णालयामार्फत परत मिळण्याची सोय आहे. मुंबईत कधी काळी मध्यवस्तीसाठी शुल्क आखले गेलेच तर रुग्णालयाच्या नोंदपत्रावर सूट ही त्याची पहिली अट असावी. नंतर अर्ज करून परतावा घ्या असे सांगण्यात अर्थ नाही, कारण परताव्यासाठी दुसऱ्यांदा मुंबईस जावे लागेल.

आणि पैसा कोणाचा? मुंबईच्या वेशीबाहेरच्या माणसाने दिलेला रुपया मुंबई महापालिकेच्या तिजोरीत पडून तेथील उड्डाणपुलात जिरला, तर पाच नाक्यांचीच पुनरावृत्ती होईल. तो एसटीच्या गाड्यांत आणि उपनगरी रेल्वेत गेला, तर देणाऱ्याच्या हाती काही येईल. अटल सेतूचे उदाहरण समोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यात चिर्ले येथे उतरतो. पेणहून येणाऱ्या मोटारीला तो मुंबईच्या दारात नेऊन सोडतो, पण एकेरी फेरीला २५० रुपये घेतो. ज्याला परवडते तो वेळ विकत घेतो, बाकीचे वाशीच्या मार्गाने जातात. हा टोल आहे, गर्दीशुल्क नाही. तरी वेळेची किंमत कशी दिसते याची कल्पना त्यावरून यावी.

गर्दी आवरण्याचे दाम सोडून इतरही उपाय आहेत आणि ते आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाहीत. माथेरानने मोटारींना दस्तुरी नाक्यावरच थांबविले आहे. तेथे सरळ बंदी आहे. आंबेनळी चढून महाबळेश्वरात शिरताना नगरपालिका पर्यटकांकडून कर घेते, परंतु तो नाताळच्या गर्दीत आणि जुलैच्या धुक्यात सारखाच असल्याने गर्दीवर त्याचा परिणाम नाही. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना काही दिवस मनाई करण्यात येते. हा वेळ वाटून देण्याचाच प्रकार. फक्त त्याचा भार महाड औद्योगिक वसाहतीतील मालवाहतुकीवर पडतो आणि मोटारी मोकळ्या राहतात. शिवराज्याभिषेक सोहळ्याच्या दिवशी रायगडाच्या अलीकडे वाहनतळ करून भाविकांना पुढे पाचाडपर्यंत एसटीने नेले जाते. गाड्या खाली ठेवा, माणसे वर जाऊ द्या, हे तत्त्व महाड तालुक्याला अशा रीतीने आधीच अंगवळणी पडले आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या स्थितीत मुंबई-गोवा महामार्गावर कोणतेही गर्दीशुल्क लावणे अन्यायाचे होईल. अपुरा रस्ता, अपुरी रेल्वे आणि अडकलेली एसटी असताना ते शुल्क न राहता दंड होईल. मुंबईच्या मध्यवस्तीची गोष्ट वेगळी. तेथे लोकल आहे, मेट्रो वाढत आहे, आणि तेथे वेळेनुसार आकारणी झाली तर वर्षातून चारदा येणाऱ्या महाडकरावर तिचा भार रोज एकट्याने मोटार नेणाऱ्याच्या तुलनेत नाममात्र पडेल. जुन्या नाक्यांपेक्षा ती त्याच्या हिताचीच ठरेल.

गणपतीच्या रांगेपुरते मात्र पैसे न घेताही काही करता येण्याजोगे आहे. टोलमाफीचा पास आज प्रादेशिक परिवहन कार्यालय, वाहतूक पोलीस आणि पोलीस ठाण्यांतून दिला जातो आणि त्यावर वाहनाचा क्रमांक असतो. म्हणजे कोण जाणार हे शासनाला आधी कळते. कोणत्या प्रहरी जाणार हे विचारले जात नाही. पास तसाच मोफत ठेवावा, त्यावर निघण्याच्या वेळेचा एक रकाना वाढवावा, प्रत्येक प्रहराचे पास रस्ता पेलेल तेवढेच द्यावेत आणि ठरलेल्या वेळेबाहेर जाणाऱ्याने नेहमीचा टोल भरावा. पहिल्या वर्षी निम्मे लोक वेळ पाळणार नाहीत हे गृहीत धरले तरी उरलेल्या निम्म्यांतून ती पाचवी गाडी निघण्यासारखी आहे.